पाण्याखालचं माहेर



आज आम्ही कर्जाचा हप्ता, शेळ्यांचं लसीकरण, पापडाचं पॅकिंग यातलं काहीच बोलणार नाही. आज सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि तोही कार्टूनच्या सिनेमाबद्दल. हसलात ना? आम्हीही हसलो होतो. पण त्या हसण्यानंतर आमच्या गटात जे झालं, ते तुम्हाला सांगावं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हणून आज बोलणारी एक असली तरी शब्द आम्हा सगळ्यांचे आहेत. आमच्यातल्या काही शहापूरच्या डोळखांब बाजूच्या आहेत, काही मुरबाडच्या टोकावडे बाजूच्या.

झालं असं. भाताची झोडणी उरकली होती. महिन्याची बैठक होती. वसुली झाली, सह्या-अंगठे झाले, इतिवृत्त लिहून झालं. आमच्यातल्या एकीची लेक कल्याणला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "मावशी, अजून पंधरा मिनिटं थांबा. मी एक सिनेमा दाखवते." तिनं लॅपटॉप काढला, कुणाकडून तरी लहान प्रोजेक्टर आणला होता तो जोडला, पडवीच्या भिंतीवर धुतलेली चादर लावली. चादरीवर चित्रं हलायला लागली तशी मागून एक काकू म्हणाली, "अगं बाय, हे तर कार्टून! हे नातवाला दाखव, आम्हाला काय दाखवतेस?"

काकूचं काही चुकलं नव्हतं. हलती चित्रं म्हणजे लहान मुलांची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. घरात पोर जेवत नसलं की आपण मोबाइलवर तेच लावून देतो. आणि मोठ्या बायकांसमोर अशी चित्रं कधी आलीच, तर ती काहीतरी शिकवायला आली. हात धुवा, पाणी उकळा, बाळाला डोस द्या, शौचालय वापरा. तुमच्यातल्या काहींना मीना आठवत असेल. 1990 च्या दशकात युनिसेफनं केलेली ती मालिका. भावाला शाळेत पाठवतात आणि मीनाला घरी ठेवतात, मग तिचा मिठू पोपट शाळेच्या खिडकीतून धडा ऐकून येतो आणि तिला शिकवतो. ती मीना रेखाटली राम मोहन यांनी. मुंबईत स्टुडिओ चालवणारे, भारतातल्या अ‍ॅनिमेशनमधले फार जुने आणि मोठे कलाकार. मीना चांगलीच होती. आमच्यातल्या दोघींना तिच्यामुळे शाळा मिळाली, असं त्या अजून सांगतात.

पण त्या दिवशी चादरीवर जे आलं, त्यात काही शिकवणी नव्हती. कुणी आम्हाला काही करा म्हणत नव्हतं. एक म्हातारा होता आणि त्याचं घर होतं, बस.

तो सिनेमा जपानचा. कुनिओ कातो नावाच्या माणसानं 2008 साली केलेला. बारा मिनिटांचा. जपानी नावाचा अर्थ ठोकळे रचून केलेलं घर असा होतो. गोष्ट अशी की एका गावात पाणी चढत चाललंय. किती वर्षांपासून, ते काही सांगत नाही. पाणी घरात आलं की म्हातारा वर आणखी एक मजला बांधतो, विटा लावतो, आणि खालचं घर सोडून वर राहायला जातो. पुन्हा पाणी येतं, पुन्हा वर मजला. असे एकाखाली एक कितीतरी मजले बुडालेले. एके दिवशी त्याची तंबाखू ओढायची चिलीम हातातून निसटते आणि खाली पाण्यात जाते. ती आणायला तो पाणबुड्याचा पोशाख घालून खाली उतरतो. खालच्या मजल्यावर चिलीम सापडते. पण तिथं त्याला बायकोचं आजारपण आठवतं. तो आणखी खाली जातो. तिथं लेकीचं लग्न आठवतं. आणखी खाली लेक लहान होती ते दिवस. अगदी तळाशी, जमिनीवर, ते दोघं तरुण असताना बांधलेलं पहिलं घर. मग तो वर येतो, आणि जेवताना दोन पेले भरतो. एक स्वतःचा, एक तिचा.

इतकीच गोष्ट. एक शब्द बोलत नाहीत त्यात. नुसती चित्रं आणि वाजवणं.

सिनेमा संपला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. नेहमी बैठक संपायच्या आत चपला शोधणाऱ्या आम्ही सगळ्या जागच्या जागी बसलेल्या. आणि मग आमच्यातली एक मावशी बोलली. वय साठीच्या पुढं. बैठकीत कधी तोंड न उघडणारी, सही झाली की जाणारी. ती म्हणाली, "माझं माहेर पण असंच खाली हाय."

मैत्रिणींनो, आपल्या तालुक्यात हे वाक्य काही नवं नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आपल्या शहापुरात. तिकडं मुरबाडच्या बाजूला बारवी. या पाण्यावर मुंबई आणि आसपासची शहरं जगतात, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे आपण मोर्च्यात बोललोय, ग्रामसभेत बोललोय, याच रेडिओवर बोललोय. मावशीचं माहेर कुठल्या धरणात गेलं ते आम्ही मुद्दाम सांगत नाही. तुमच्यातल्या प्रत्येकीनं आपापलं धरण तिथं ठेवावं.

पण मावशी त्या दिवशी जे बोलली ते मोर्च्यातलं बोलणं नव्हतं. ती म्हणाली, "मी सासरी आले आणि चार वर्सांनी पाणी आलं. बापाचं घर गेलं ते कागदावर आलं. भावांचं काय मिळायचं ते मिळालं, न मिळायचं ते ऱ्हायलं. पण माझं काय गेलं ते कुणी इचारलं नाही. मी तर आधीच दुसऱ्या घरची झालेली."

घर बुडालं की त्याची मोजणी होते. पंचनामा होतो, खातं-उतारा बघतात, झाडं मोजतात. लेकीचं माहेर बुडालं याची मोजणी कुठल्या कागदावर नाही. बाळंतपणाला जायचं अंगण, पहिल्या पंचमीला जायची वाट, ज्या विहिरीवर मैत्रिणी भेटायच्या ती विहीर. आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात ही गोष्ट कधी अशी आली नव्हती. तीस-पस्तीस वर्षं शेजारी राहून आम्हाला माहीत नव्हतं. तिच्या सुनेला माहीत नव्हतं.

मग एकीनं विचारलं, "मावशे, तुला तसा पोशाख मिळाला तर तू खाली जाऊन काय आणशील?" मावशी बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, "आयचं जातं. ते वजनाला भारी म्हणून भावानं टाकून दिलं. तिच्या हातानं खुंटा गुळगुळीत झालेला." आणि मग रडली. आम्हीही रडलो. नंतर चहा केला.

घरी जाताना त्या काकूनं, जिनं कार्टून म्हणून नाक मुरडलं होतं, तिनंच विचारलं, "पुढच्या बैठकीला दुसरा हाय का गं?"

दुसरा आला तो आपल्या इथला होता, मुंबईचा. गीतांजली राव या बाईनं केलेला, 2006 सालचा. नाव इंग्रजी आहे, प्रिंटेड रेनबो, म्हणजे छापलेलं इंद्रधनुष्य. पंधरा मिनिटांचा. गीतांजली राव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि हलत्या चित्रांचं काम राम मोहन यांच्या स्टुडिओत शिकल्या. हो, तेच आपले मीनावाले. गुरू आणि शिष्या, दोघांनी बाईमाणसाचीच गोष्ट सांगितली. गुरूनं लहान मुलीची, शिष्येनं म्हातारीची.

त्या सिनेमात मुंबईतल्या उंच इमारतीत एक म्हातारी एकटी राहते. सोबतीला एक मांजर. तिचं घर, खिडकी, समोरच्या इमारती, सगळं राखाडी. तिच्याकडे काडेपेट्या जमवलेल्या आहेत. काडेपेटीवर कशी चित्रं असतात, आपल्याला माहीत आहे. म्हातारी त्या काडेपेटीच्या चित्रात शिरते आणि तिथं मात्र रंगच रंग. ती तिथं हिंडते, फिरते, जे घरात कधी करता आलं नाही ते करते. शेवट आम्ही सांगत नाही. तो ज्याचा त्यानं बघावा.

आमच्यातली एक ताई कल्याणला एका घरी म्हातारीची देखभाल करायला जाते. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी यायचं. ती म्हणाली, "मी जिला आंघोळ घालते ती आजी दिवसभर जुनी पत्रं काढते आणि पुन्हा ठेवते. मी म्हणायचे, काय खुळ्यासारखं करतात या. आता कळलं, ती कुठंतरी फिरून येत असते." दुसऱ्या दिवशी तिनं त्या आजीला विचारलं, हे पत्र कुणाचं? आजीनं वाचून दाखवलं. दोन वर्षं ती त्या घरात काम करत होती. पहिल्यांदा विचारलं होतं.

आणि तिनं आम्हाला आणखी एक गोष्ट विचारली, तिचं उत्तर आमच्याकडे नाही. ती म्हणाली, "मी तिच्या एकटेपणाला सोबत करायला जाते आणि माझी सासू दिवसभर घरात एकटी असते. तिच्या काडेपेट्या कोण बघतंय?"

मैत्रिणींनो, हा सिनेमा गीतांजली राव यांनी एकटीनं, हातानं चित्रं काढून केला. त्याचा हिशोब करून बघू. आपण बचत गटवाल्या, हिशोबाला घाबरत नाही. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रं डोळ्यांसमोरून जातात. पंधरा मिनिटं म्हणजे 900 सेकंद. 900 गुणिले 24 म्हणजे 21,600. आता एकच चित्र दोनदा वापरून निम्म्यावर काम भागवतात म्हणून धरलं, तरी 10,800 चित्रं होतात. एका बाईनं, एकटीनं. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे गोधडीचे टाके." हो, तसंच. एका टाक्याला काही अर्थ नसतो. हजार झाले की पांघरूण होतं.

त्या सिनेमाला 2006 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तीन बक्षिसं मिळाली. पुढं त्यांनी मुंबईतल्या रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीची गोष्ट केली. आधी 2014 साली लहान सिनेमा, आणि मग 2019 साली बॉम्बे रोझ नावाचा मोठा. त्या मोठ्या सिनेमाला साठेक कलाकार दीड वर्ष चित्रं रंगवत होते. त्यातली मुलगी गावाकडून मुंबईत आलेली. कसारा-आसनगावच्या गाडीत करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या आपल्या बायका-मुलींना ती ओळखू येईल.

कुणी म्हणेल, हे सगळं शहराचं, बाहेरचं. तर तसंही नाही. कसारा घाट चढून नाशिकला गेलं की दादासाहेब फाळके यांचा मुलूख. जन्म त्र्यंबकेश्वरचा. 1913 साली त्यांनी राजा हरिश्चंद्र काढला हे शाळेत शिकलोय. त्याच्या आधी त्यांनी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाणा लावला आणि त्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो त्याची दिवसादिवसाची चित्रं घेतली. ती भरभर दाखवली तर वेल डोळ्यांदेखत वाढला. आणि 1915 साली त्यांनी आगकाड्यांची मौज नावाचा सिनेमा केला. नुसत्या आगकाड्या. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा चित्र. पडद्यावर काड्या आपण होऊन चालायला लागल्या. म्हणजे आपल्याकडे हलत्या चित्रांची सुरुवात आगकाडीनं झाली, आणि नव्वद वर्षांनी एका बाईनं काडेपेटीतूनच म्हातारीचं मन उघडून दाखवलं.

यात एक नाव राहून जातं ते आम्ही इथं मुद्दाम घेतो. सरस्वतीबाई फाळके. सिनेमाच्या वेडापायी घरात पैसा उरला नाही तेव्हा दागिने त्यांनी दिले. फिल्मच्या पट्टीला कडेनं भोकं पाडणं, ती धुणं, हे काम त्या शिकल्या आणि केलं. वर कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक. हे ऐकल्यावर आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "सातबारा त्यांच्या नावावर होता का?" सगळ्या हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

आणि चित्रातून मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी बोलणं, हे तर आपल्याकडे सिनेमाच्याही आधीपासून आहे. आमच्या गटातल्या वारली आजीनं आठवण करून दिली. लग्नात चौक कोण लिहितं? सवाशिणी. आणि बघा, त्या चौक काढला म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं पांढरं. तो पोरांच्या करमणुकीसाठी नसतो. त्यात देवी असते, लगीन असतं. तळकोकणात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आहे. कागदावर रंगवलेली एकेक चित्रं पुढं करत, गात गात गोष्ट सांगायची. रामायण-महाभारतातलं दुःख, ताटातूट, युद्ध. ऐकायला अख्खं गाव बसायचं, म्हातारेकोतारे पुढं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की चित्रं आहेत, ही पोरांना दाखवा.

आता तिसऱ्या सिनेमाचं सांगतो. हे सांगणं सोपं नाही, कारण यात आमची चूक झाली.

तो सिनेमा मायकेल दुदोक दे विट या मूळच्या हॉलंडच्या माणसाचा, 2000 सालचा, आठ-नऊ मिनिटांचा. बाप आणि लेक सायकलवरून पाण्याच्या कडेला येतात. बाप लेकीला उचलून जवळ घेतो, होडीत बसतो आणि जातो. तो परत येत नाही. लेक रोज सायकलवरून तिथं येते, बघते, परत जाते. पाऊस, वारा, थंडी. ती मोठी होते, तिचं लग्न होतं, पोरं होतात, म्हातारी होते. सायकल हातानं ढकलत येते, पण येते. इथंही कुणी बोलत नाही. चित्रंही फार साधी.

अर्ध्यात आमच्यातली एक तरुण बाई उठली आणि निघून गेली. पोर घेऊन, चप्पल न घालता. आम्हाला वाटलं बाळ रडत असेल. नंतर लक्षात आलं. तिचे वडील ती सात-आठ वर्षांची असताना वीटभट्टीच्या कामाला म्हणून गेले आणि आलेच नाहीत. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याची नाही. आई कपाळाला कुंकू लावत होती ते लावतच राहिली. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तरी आम्ही तिला न सांगता तो सिनेमा लावला. कार्टून आहे, त्याला काय सांगायचं, असं कुठंतरी अजून डोक्यात होतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. चूक झाली म्हणालो. ती भाकऱ्या थापत होती. बराच वेळ तिनं वर बघितलं नाही. मग म्हणाली, "शेवटी तो येतो का?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. शेवट तसा सरळ नाही. पाणी आटून गेलेलं असतं. म्हातारी झालेली लेक त्या कोरड्या पात्रात उतरते, तिला गवतात होडी सापडते, ती तिच्यात निजते. मग उठते, पुढं जाता जाता तरुण होते, आणि बाप समोर उभा असतो. मेल्यावर भेटला की मनात भेटला, ते सांगितलेलं नाही. आम्ही जसं आहे तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मी पण बघते. तुम्ही कुणी नको." कॉलेजच्या मुलीनं तिला मोबाइलवर लावून दिला. तिनं तो आईबरोबर बघितला. माय-लेकी त्या दिवशी काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही. इतकं मात्र खरं की पुढच्या बैठकीला तिची आई पहिल्यांदा गटात आली.

यातून आम्हाला दोन-तीन गोष्टी कळल्या, त्या सांगतो.

एक म्हणजे, चित्रातल्या बाईचा चेहरा कुणा नटीचा नसतो. तिची साडी, गोरेपणा, दागिने यांकडे लक्ष जात नाही. दोन रेषांचं तोंड असतं, मग त्या तोंडाच्या जागी आपण आपलं ठेवतो. म्हणून जपानचा म्हातारा आमच्या मावशीचा झाला. दुसरं, हे तिन्ही सिनेमे बिनबोलीचे. त्यामुळे मराठी चांगलं येणारी, कातकरी बोलणारी, वारली बोलणारी, शाळेत गेलेली, न गेलेली, सगळ्या एका पातळीवर. उलट, शिकलेलीनं न शिकलेलीला समजावून सांगायची वेळच आली नाही. बऱ्याचदा उलटं झालं. आणि तिसरं, ते लहान असतात. बाईला तीन तास कोण देतंय? पण बारा मिनिटं तर आपण आपली म्हणून काढू शकतो. भात शिजायला त्याहून जास्त वेळ लागतो.

तुमच्या गटात करायचं असेल तर आमचा अनुभव असा. हप्त्याची वसुली आधी उरकून घ्या, नाहीतर लक्ष पैशात राहतं. एका बैठकीला एकच सिनेमा. प्रोजेक्टर नसेल तर लॅपटॉपभोवती दहा-बारा जणी बसता येतं. मोबाइल फार लहान पडतो, म्हाताऱ्यांना दिसत नाही. आवाजासाठी भजनाचा लहान स्पीकर चालतो. लावण्याच्या आधी दोन वाक्यांत सांगा: यात मरण आहे, यात ताटातूट आहे, जिला नको वाटेल तिनं खुशाल ओटीवर बसावं. ही चूक आमच्याकडून झाली, तुमच्याकडून नको. जी दाखवणार तिनं आधी एकदा पूर्ण बघून घ्यावं. आणि संपल्यावर लगेच "यातून काय शिकलो" असं विचारू नका. ती सवय आपल्याला प्रशिक्षणांनी लावलीय. गप्प बसू द्या. विचारायचंच असेल तर इतकंच विचारा, "कुणाला काय आठवलं?" बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तरी तिचं बरोबर. आणि पडवीत बोललेलं पडवीत राहील, हे आधीच सगळ्यांनी कबूल करायचं. आज आम्ही जे सांगितलं ते त्या-त्या बाईला विचारून, तिनं हो म्हटल्यावरच सांगितलं.

विरोध होईल. आमच्याकडे एका घरातल्या माणसानं म्हटलं, "गट पैसे जमवायला आहे का रडायला?" त्याला काय उत्तर द्यावं सुचेना. मग त्या कार्टूनवाल्या काकूनंच उत्तर दिलं, "भाऊ, पैशाची बैठक चुकवणाऱ्या बायका आता वेळेवर येतात. वसुली बघून घ्या." वसुली खरंच वाढली होती.

आता त्या मावशीचं राहिलं. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं. तिचा मुलगा म्हणत होता, कशाला जुनं उकरायचं, तिथं चिखलाशिवाय काय आहे? पण सून म्हणाली, मी नेते. सून, मावशी आणि आम्ही पाच जणी गेलो. एसटीनं गेलो, पुढं चाललो. भेगा पडलेला गाळ, त्यातून वर आलेली जोती, एका विहिरीचा कठडा. मावशी न विचारता, न अडखळता चालत गेली आणि एका जोत्यावर उभी राहिली. म्हणाली, "हा उंबरा. इथं चूल. इथं आय बसायची." सुनेला हात धरून घरभर फिरवलं. नसलेल्या दारातून वाकून आत नेलं, कारण दार बुटकं होतं.

जातं मिळालं नाही. एक फुटका दगड मिळाला, तो जात्याचा की पायाचा ते कळेना. मावशीनं तो हातात धरला आणि परत तिथंच ठेवला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्सी येईन तेव्हा बघाया काय तरी हवं."

आता पाऊस लागलाय. ते जोतं पुन्हा पाण्याखाली गेलं असेल. पण या वेळी सुनेला ते कुठं आहे हे ठाऊक आहे, आणि आम्हा पाच जणींना. आमच्या गटानं ठरवलंय की ज्या ज्या बाईचं माहेर असं गेलं, तिच्याकडून त्या घराचं वर्णन ऐकून वहीत लिहून घ्यायचं. दार कुठं, चूल कुठं, परसात काय लावलं होतं. कॉलेजची मुलगी म्हणते, ती त्याची चित्रं काढेल. वारली आजी म्हणते, मी लिहीन. दोघींचं आता यावरून भांडण चाललंय, आणि आम्ही ते थांबवत नाही.

तुमच्याकडे असं एखादं घर असेल, तर वहीत लिहून ठेवा. कुणी ऐकणारी नसेल, तर आम्हाला केंद्रावर कळवा, आम्ही ऐकायला येऊ.

येतो आता. लावणीची घाई आहे तुम्हालाही, आम्हालाही. नमस्कार.